हाताची परीक्षा

वेल्डिंगच्या धंद्यात दोन परीक्षा असतात, एक रीतीची आणि एक माणसाची. कोणती तार, किती विद्युत्प्रवाह, कोणता वायू हे ठरवून एक जोड करतात, तो ओढून, तोडून, वाकवून पाहतात, आणि तो टिकला की ती रीत कागदावर कायम होते. मग त्या रीतीने काम करणारा हात तपासायचा. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची जी बाष्पकविषयक संहिता जगभर चालते, तिच्या नवव्या भागात हा सारा विधी सांगितला आहे. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत दुधाच्या आणि औषधांच्या टाक्या घडवणाऱ्या कारखान्यांतून मी बरीच वर्षे या परीक्षा घेतल्या. रीत धातूसाठी आणि परीक्षा हातासाठी, ही वाटणी मला प्रारंभी फार मोहक वाटे. पुढे ती अपुरी वाटू लागली.

साधे पोलाद आणि स्टेनलेस यांचा जोड करताना हे विशेष जाणवते. नेहमीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. तापल्यावर ते साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. उष्णता मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेच पुढे जाऊ देते. दोन्हींचा रस एकत्र झाला की क्रोमियम-निकेलचे प्रमाण घटते, आणि साधी तार वापरली तर जोड कठीण पण ठिसूळ होतो. म्हणून ही दोन्ही मूलद्रव्ये अधिक असलेली ३०९ क्रमांकाची तार घालतात. कोणत्या मिश्रणातून काय निपजेल याचा नकाशा शेफलर याने १९४९ साली काढला. भिन्न धातूंच्या जोडासाठी तो आजही उघडला जातो.

रीतीला ही धातूंची जोडी प्रत्यक्ष सिद्ध करून दाखवावी लागते. हाताला मात्र संहिता निराळा न्याय लावते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये स्टेनलेसचा रॉड वेगळ्या वर्गातला, म्हणून परीक्षाही वेगळी. पण टिगमध्ये दोन्ही तारा एकाच वर्गात धरलेल्या असल्याने साध्या पोलादाच्या नळीवर उत्तीर्ण झालेला माणूस स्टेनलेसच्या जोडावरही बसू शकतो. कागदाचा तर्क निर्दोष आहे. प्रत्यक्षात स्टेनलेसचा रस आळसट असतो, त्याला हाताने वळवावे लागते. नळीच्या आत आर्गॉन भरला नाही तर आतली बाजू जळक्या साखरेसारखी काळी आणि खरखरीत होते. साध्या पोलादावर वापरलेला तारेचा ब्रश त्यावर फिरवला तर पुढे तिथेच गंज धरतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक नियमापलीकडे जाऊन वेगळी परीक्षा मागते, आणि ते योग्यच करते.

रीतीच्या कागदाला मुदत नसते. माणसाने मात्र सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही तर त्याची योग्यता संपते. यात मला अन्याय दिसत नाही; रियाज सुटलेल्या गवयाला हे समजावून सांगावे लागणार नाही. मला खुपते ते दुसरेच. माणसाने मिळवलेली ही योग्यता कारखान्याच्या दप्तरी असते. नोकरी बदलली की नव्या मालकासाठी पुन्हा परीक्षा.

निपाणीकडचा एक वेल्डर असाच आला होता. वीस-बावीस वर्षे या कामात मुरलेला. सहकाऱ्यांशी कन्नड, माझ्याशी मराठी. ४५ अंशांत तिरपी, न हलणारी नळी पाहून तो म्हणाला, "पुन्हा हेच का, साहेब? जुन्या कंपनीच्या कपाटात माझा कागद हाय की. त्यो मला द्यायला काय झालं?" मी सांगितले, जोडाची जबाबदारी जो घेतो त्याने हात स्वतः तपासावा, असा नियम आहे. "तुमचं खरं, साहेब. पण हात त्यांचा न्हवं."

बाष्पकांच्या बाबतीत आपल्याकडे १९५० च्या विनियमांनुसार वेल्डरला त्याच्या स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र मिळते, हे मला ठाऊक होते. दुधाच्या टाकीला तो लाभ नाही. मी गप्प राहिलो.

त्याने नळीची तोंडे चिकटपट्टीने बंद केली, एका बाजूने आर्गॉन सोडला, आणि दुसऱ्या बाजूच्या भोकाशी पेटती काडी धरली. काडी विझेपर्यंत त्याने टॉर्चला हात लावला नाही. मग उभ्याने, गुडघ्यावर, शेवटी जवळजवळ उताणा होऊन त्याने तो वेढा पुरा केला. चार पट्ट्या कापून वाकवल्या. तीन मिलिमीटरहून मोठी चीर उघडली तर नापास. इथे केसाएवढीही नव्हती. मी नळीच्या आतला रंग पाहिला : फिकट सोनेरी.

छापील तक्त्यात विझलेल्या काडीसाठी रकाना नव्हता. मी समासात एक ओळ लिहिली आणि सही केली. व्यवस्थापकाने ती खोडली नाही. वाचल्याचेही दिसले नाही. छायाप्रत मिळेल का, असे त्या वेल्डरने विचारले. दप्तर बाहेर देता येत नाही, असे उत्तर त्याला मिळाले, आणि कागद कपाटात गेला.