मोडलेला शब्द

इंग्रजीचा तास आला, की आमच्या वर्गात शब्दांची फोडाफोड सुरू होते. मोठा शब्द दिसला, की मुले उसासारख्या त्याच्या कांड्या करतात. 'नॉलेज'चे स्पेलिंग अजूनही 'कनो-लेड-गे' असेच पाठ होते आणि 'टुगेदर'चे 'टू-गेट-हर'. अर्थाला त्यात कुठेच जागा नसते. पण स्पेलिंग बरोबर येते, म्हणून मीही कानाडोळा करतो.

कधी कधी मात्र या फोडीतून खरेच काही हाती लागते. एकदा मी फळ्यावर 'ब्रेक-फास्ट' असे मधे आडवी रेघ ओढून लिहिले आणि म्हटले, "ब्रेक म्हणजे मोडणे, फास्ट म्हणजे उपास." मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "म्हणजे पारणंच की, गुरुजी!" तुळजाभवानीचे नवरात्र नऊ दिवस धरणाऱ्या घरातले ते पोर! शब्दकोशालाही इतके नेमके सांगता आले नसते.

पण ही रेघ मोठी लबाड आहे. व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात. म्हणजे नाव जोडण्याचे आणि पुष्कळदा काम तोडण्याचे! 'हेलिकॉप्टर' आपण सारे 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडतो. मुळातले ग्रीक तुकडे आहेत 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख. ओळीच्या टोकाला शब्द मावेनासा झाला, तर तो कुठे मोडावा यावर खुद्द इंग्रजी लिहिणाऱ्यांचेही एकमत नाही. जुन्या रीतीचा इंग्रज शब्दाची घडण पाहून 'नॉलेज' हा 'नो'नंतर तोडतो. अमेरिकन उच्चार ऐकून 'नॉल'नंतर. ज्ञान नेमके कुठे मोडते, हे त्यांनाही ठरवता आलेले नाही!

या रेघेने एकदा मला चांगलाच धडा दिला. दहा-बारा वर्षांपूर्वीची वसुबारस. शेजारचे अण्णा एका कारखान्यात नोकरीला होते. संध्याकाळी ते एक इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आले. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. पण गल्लीत पंडित मीच. एका ओळीच्या टोकाला 'री', मग ती रेघ, आणि खालच्या ओळीच्या आरंभी 'साइन'. मी दोन्ही तुकडे जोडले आणि जड आवाजात म्हणालो, "अण्णा, राजीनामा मागितलाय."

वहिनींनी गॅसवरची कढई उतरवली. चकलीचे पीठ सोऱ्यात तसेच राहिले. त्या रात्री त्यांच्या दारात पणती लागली नाही.

मलाही झोप येईना. पहाटे त्यांच्याकडून पत्र पुन्हा मागून आणले आणि दिव्याखाली पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचले. पुढे लिहिले होते, की फॉर्मवरची सही पुसट उमटली आहे, सोबतचा फॉर्म आठ दिवसांत परत करावा. 'री-साइन', म्हणजे पुन्हा सही करा! शब्द सलग लिहिला तर नोकरी जाते, रेघ घातली तर राहते, आणि ओळीच्या टोकाला दोन्ही अगदी सारखे दिसतात. उच्चार मात्र वेगळे. एक 'रिझाइन', दुसरा 'री-साइन'. मी नुसते डोळ्यांनी वाचले होते.

अण्णा रागावले नाहीत. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, रात्रभर हे भिंतीला टेकून बसले होते." दुपारी त्यांनी चकल्यांचे ताट धाडले. ते खाताना मला फार जड गेले.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोण कच्चा, कोण पक्का ते पारखले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा आपण सारे ऐकत आलो. कुंभार मडके फोडून पारखत नाही, वाजवून पारखतो.

आता वर्गात शब्द फोडून झाला, की मी मुलांना सबंध वाक्य मोठ्याने वाचायला लावतो. मुलांना वाटते, गुरुजी आपली परीक्षा घेताहेत. थापटणे कोणाच्या डोक्यावर बसले होते, ते माझे मला ठाऊक!