खोटा कारखाना

माझा भाचा इंजिनिअर आहे. चाकणच्या एका कारखान्यात तो दिवसभर कॉम्प्युटरवर खोटा कारखाना चालवतो आणि त्याबद्दल खरा पगार घेतो. आम्ही बँकेत एक खोटी नोंद केली तर चौकशी बसते!

"मामा, ह्याला सिम्युलेशन म्हणतात," तो म्हणाला. "मशीन लाखो रुपयांचं. आधी पडद्यावर बसवायचं. माल अवेळी येणार, मशीन बिघडणार, माणसं चहाला जाणार, सगळं त्यात घालायचं. वर्षभराचं काम पाच मिनिटांत चालवून बघायचं, तुंबतं कुठे ते."

हे वेड जुनेच. १९६० च्या सुमारास शेफील्डच्या पोलाद कंपनीतल्या टोचर नावाच्या गृहस्थांनी असा प्रोग्रॅम केला होता.

"एवढा खटाटोप कशाला?" माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. "सरासरी काढ. ५ मिनिटांना एक नग येतो, काम ४ मिनिटांचं. रांग लागेलच कशी? उलट मिनिटभर शिल्लक!"

सही न जुळणाऱ्या चेककडे मी बघतो, तसे त्याने माझ्याकडे बघितले.

"नग घड्याळ लावून येत नाहीत, मामा. कधी तीन एकदम, कधी दहा मिनिटं एकही नाही. कामही कधी दोन मिनिटांत उरकतं, कधी दहा लागतात."

त्याने माझेच आकडे घातले. पडद्यावर चौकोन सरकू लागले. रांगेत थांबण्याची सरासरी सोळा मिनिटांच्या आसपास! मग त्याने ४ चे ४.५ केले. थांबणे चाळिशीवर गेले.

मी गप्प झालो. ते चौकोन मला ओळखीचे वाटू लागले होते. एक तारखेला माझ्या काउंटरसमोर पेन्शनर असेच उभे असतात, आणि "गर्दी करू नका" म्हणून मीच ओरडतो. प्रत्येकामागे ते अर्धे मिनिट मी क्रिकेटच्या स्कोअरला देत होतो!

पुढच्या एक तारखेला मी तोंडाला कुलूप लावले. रांग भराभर सरकली. शेवटी एक आजोबा आले. नोटा मोजून झाल्या, तरी हलेनात.

"साहेब, आमचं काही चुकलं का? आज बोलला नाहीत."

मी स्कोअर सांगितला. त्यांनी १९८३ च्या फायनलची आठवण सांगितली. मागे पुन्हा रांग लागली.

संध्याकाळी मी भाच्याला फोन केला. म्हटले, "तुझ्या कारखान्यात सगळं घातलंस, पण रांगेतले नग घरी एकटेच असतात का रे?"