दुर्बिणीची गाडी

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी जड वजन उचलण्यास मनाई केली आणि निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली माझी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण वर्षभर ओसरीत झाकून राहिली. नळी आणि लाकडी बैठक मिळून तिचे वजन वीस किलोंच्या पुढे. मुलगा म्हणाला, "पप्पा, विकून टाकू या." मी उत्तर दिले नाही.

ज्यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते ते जॉन डॉब्सन अमेरिकेतील वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे घडवीत, दुर्बिणींना चाके लावीत आणि शेजाऱ्यांना आकाश दाखवायला ओढत नेत. हे वाचले आणि मोंढ्यातील हमालांच्या गाड्या आठवल्या.

वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलची तिकोनी चौकट करून घेतली. चूक झाली ती काटकसरीत (बँकेची सवय!): कपाटाखाली लावतात तसली लहान चाके बसवली. ती फरशीच्या सांध्यांत अडकत. हादऱ्यांनी आरशांची जुळणी बिघडली, गुरू नुसता धुरकट ठिपका दिसू लागला. मग हवेची दहा इंची चाके आणली. तिन्ही कोपऱ्यांत लांब स्क्रू बसवले; ते आवळले की चाके जमिनीपासून अधर होतात. तसे न केल्यास डोळा लावताच चित्र थरथरते.

वीज केंद्राच्या आणि गावाच्या दिव्यांमुळे आमच्या परळीचे आकाश फारसे काळे नाही; शनीच्या कड्यांना त्याची पर्वा नसते. परवा नातीनेच गाडी ओढत अंगणात नेली. तिच्या मागे रांगेत मुलगा उभा होता.