डोळे उघडले, पण श्वासाचे काय?

ऑपरेशन ठरले की घरात सगळे सर्जनची चौकशी करतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नावही कुणाला ठाऊक नसते. कोंढव्यात राहणाऱ्या माझ्या खालाच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले तेव्हा तिला भीती मात्र भुलीचीच होती. "पोट कापतील त्याचं काही नाही गं, पण मी उठेन ना?" असे ती पुन्हा पुन्हा विचारी.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई तिच्या खाटेजवळ बसल्या. "मावशी, एका औषधानं झोप लागते, दुसऱ्यानं स्नायू सैल पडतात. त्यानं छातीचे स्नायूही थांबतात. तेवढा वेळ नळीतून तुमचा श्वास आम्ही चालवतो."

म्हणजे जाग येणे वेगळे आणि ताकद परत येणे वेगळे. डोळे उघडले, तरी घसा आणि छाती अशक्त राहिली तर नळी काढल्यावर दम कोंडू शकतो.

ही ताकद परत आणायला वर्षानुवर्षे निओस्टिग्मिन वापरतात. नसांकडून स्नायूंना संदेश देणारे शरीरातले रसायन त्याने टिकून राहते आणि आधीच्या औषधाला हटवते. पण त्याने हृदयाची गती मंदावते, म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट देतात. शिवाय आधीचा असर थोडा ओसरू लागल्यावरच ते नीट लागू पडते. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेले सुगामाडेक्स वेगळे आहे. साखरेच्या रेणूंचे हे कडे रोक्युरोनियम किंवा वेक्युरोनियमला आपल्या पोटात पकडून ठेवते. ते महाग आहे, आणि अट्राक्युरियमवर चालत नाही.

औषध कोणतेही असो, खात्री मोजून करता येते. मनगटाजवळच्या नसेला चार हलके झटके देतात. चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्याच्या निदान ९० टक्के जोराने हलला पाहिजे. खालाला बाहेर आणायला वेळ लागला तो यासाठीच. बाहेर आम्ही तस्बीह फिरवत होतो, आत बाई घाई करत नव्हत्या. अल्हम्दुलिल्लाह, खाला सुखरूप आहे.

बहिणींनो, भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, स्नायूंचा अशक्तपणा, चालू गोळ्या, सगळे सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल बोलायला आपण लाजतो. पण सुगामाडेक्समुळे त्यांचा असर कमी होऊ शकतो, म्हणून नंतर सात दिवस दुसरी काळजीही घ्यावी लागते. आणि पेशंट बाहेर यायला उशीर झाला तर दारावर थापा मारू नका. आतला तो वेळ श्वासासाठी असतो.