सिलिंडरच्या तोंडावरची काजळी

सराव करून आलेलं स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्व्हर उघडलं की नजर आधी जाते सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर. सहा भोकं आणि प्रत्येकाभोवती काळंकुट्ट कडं. बाकी सगळं अंग पांढरं, म्हणून ती कडी जास्तच खुपतात. काळ्या-निळ्या मुलाम्याच्या रिव्हॉल्व्हरवरही ती असतात, फक्त दिसत नाहीत. ओहायोतल्या आमच्या नेमबाजी क्लबात स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर घेऊन नवीन आलेला माणूस हमखास त्यांच्याबद्दल विचारतो: हे जाणार कशानं? माझं मत असं की ती कडी राहू द्यावीत आणि तेवढा वेळ न दिसणाऱ्या जागांना द्यावा.

कडी पडतात ती रिव्हॉल्व्हरच्या घडणीमुळे. पिस्तुलात काडतुसाची जागा नळीच्या आतच असते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर वेगळा, नळी वेगळी, आणि सिलिंडर फिरायला हवा म्हणून दोघांमध्ये फट ठेवावीच लागते. ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची. प्रत्येक गोळीबरोबर तापलेला वायू या फटीतून बाजूला फुटतो. त्यात जळालेल्या दारूचा कार्बन असतो, काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणाचे अवशेष असतात, आणि गोळी उघड्या शिशाची असेल तर शिशाचे बारीक कण व मेणचट वंगण असतं. हे सगळं सिलिंडरच्या तोंडावर, नळीच्या मागच्या टोकावर आणि वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला भाजून बसतं. ती नुसती काजळी असती तर फडक्यानं गेली असती. ती धातूवर भाजली जाते म्हणून हटत नाही.

मला हे काम शिकवलं क्लबातल्या एका निवृत्त पोलिसानं. त्याच्या नोकरीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बहुतेक पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच असायचं, तेही मुलाम्याचं. पाऊस, बर्फ आणि घाम यांनी ते गंजायचं. स्मिथ अँड वेसननं १९६५ मध्ये मॉडेल ६० हे छोटं रिव्हॉल्व्हर स्टेनलेसमध्ये आणलं आणि पुढे मोठी रिव्हॉल्व्हरंही त्या पोलादाची होत गेली. त्याला त्या बदलाचं फार अप्रूप होतं. त्याची शिकवण्याची पद्धत मात्र कडक. सिलिंडर उघडायचा, काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी पाहायची, मग बोट घालून चाचपायची, आणि काडतुसांचा डबा त्या खोलीतून बाहेर ठेवून यायचं. त्याशिवाय तो ब्रशला हात लावू देत नसे. मी अजूनही तसंच करतो.

माझं रिव्हॉल्व्हर म्हणजे चार इंची नळीचं मॉडेल ६८६, .३५७ मॅग्नमचं. त्यात .३८ स्पेशलची काडतुसंही चालतात आणि ती स्वस्त व सौम्य असल्यानं सरावाला बहुतेक जण तीच वापरतात. खरी अडचण इथे सुरू होते. .३८ ची पुंगळी मॅग्नमच्या पुंगळीपेक्षा जवळजवळ साडेतीन मिलिमीटरनं आखूड. त्यामुळे घराच्या आत, आखूड पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथून पुढे कार्बन आणि शिशाची गोल वळी जमते. .३८ झाडत राहिलात तर तिचा पत्ताही लागत नाही. एखाद्या दिवशी मॅग्नम भरायला गेलात की काडतूस शेवटच्या टोकाला अडतं, किंवा कसंबसं बसतं आणि झाडल्यावर पुंगळी बाहेर यायला मागत नाही. बाहेरून लखलखणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही वळी मी पाहिली आहे. मालकानं सिलिंडरचं तोंड आरशासारखं घासलेलं होतं!

ही वळी काढायला मी प्रत्येक घरात द्रावण लावून पंधरा-वीस मिनिटं थांबतो. माझ्याकडे होप्स नंबर नाइन असतं, १९०३ पासून विकलं जाणारं. मग घराच्या मापापेक्षा किंचित मोठा ब्राँझचा ब्रश आरपार घालायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही, आणि शेवटी कापडाच्या चकत्या ओढायच्या. चकतीवर हिरवट-निळा डाग आला तर तो दरवेळी नळीतल्या तांब्याचाच असतो असं नाही. तांबं विरघळवणारं द्रावण ब्राँझच्या ब्रशलाही खातं, आणि लोक स्वच्छ नळी उगाच घासत बसतात. तांब्यासाठी वेगळं द्रावण वापरायचं असेल तेव्हा मी नायलॉनचा ब्रश घेतो. रिव्हॉल्व्हरच्या नळीत सळई मागून घालता येत नाही, पुढच्या तोंडातूनच जावं लागतं. म्हणून तिथे सळई घासू नये यासाठी पितळी मार्गदर्शक बसवतो. नळीच्या तोंडाची कड एका बाजूनं झिजली की नेम बिघडतो, आणि ती झीज पुसून भरून येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी देतो तो सिलिंडरच्या मागच्या बाजूला असलेल्या चांदणीला. पुंगळ्या बाहेर ढकलते ती हीच. तिच्याखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार दाणे अडकले तरी ती पूर्ण बसत नाही. मग काडतुसांची बुडं जरा वर राहतात, सिलिंडर घासून फिरतो, चाप जड लागतो, कधी सिलिंडर बंदच होत नाही. म्हणून मैदानावरही पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे करून चांदणीच्या दांडीवर तळव्याचा एकच जोरदार दणका द्यायचा, म्हणजे दाणे पुंगळ्यांबरोबर खाली पडतात. घरी आल्यावर दांडी दाबून धरायची आणि चांदणीची खालची बाजू व तिची खोबण दात घासायच्या जुन्या ब्रशनं कोरडी झाडायची. इथे तेलाचा थेंब नको. तेल दाण्यांना धरून ठेवतं, आणि ओघळून काडतुसाच्या टोपीपर्यंत गेलं तर टोपी निकामी होऊ शकते.

आतल्या जागा आधी साफ करायची ही सवय जुनी. इचलकरंजीला आमचे अण्णा लेथवर काम करायचे. खंडेनवमीला सगळी यंत्रं साफ होऊन त्यांना हार पडायचे. अण्णांचा हात आधी लेथच्या सरकपट्ट्यांवर, स्क्रूच्या आट्यांत, चकच्या जबड्यांत जायचा. रंगवलेलं बाहेरचं झाकण सगळ्यात शेवटी. इथे अमेरिकेत माझं पोट त्याच धंद्यावर चाललं आहे, आणि जिथे धातू धातूवर सरकतो तिथे आधी हात घालायची सवय मला त्यांच्याकडून मिळाली.

स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही, हा समज मात्र सोडावा. त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतं आणि तो पापुद्रा पोलादाला वाचवतो. साध्या पोलादाच्या लोकरीनं घासलं तर लोखंडाचे कण वर रुतून बसतात आणि तेच पुढे तांबूस ठिपके होतात. घासायचंच असेल तर ब्राँझची लोकर घ्यावी. स्वयंपाकघरातली तारेची घासणी तर जवळही आणू नये, तिचे ओरखडे कायमचे. शिवाय माझ्या ६८६ चा चाप आणि घोडा स्टेनलेसचे नाहीत. घामट हातानं ते तसेच ठेवले तर ओहायोच्या दमट उन्हाळ्यात गंज धरतात. त्यांना तेलाचा पुसट हात लागतोच. आणि पांढरं दिसणारं जुनं रिव्हॉल्व्हर हाती आलं तर ते स्टेनलेस आहे की निकेलच्या मुलाम्याचं, हे आधी पाहावं. तांब्यावरचं द्रावण निकेलच्या कडेनं आत शिरलं तर मुलामा उचलला जातो.

याहून महत्त्वाचं आहे शिसं. नेहमीच्या काडतुसांच्या टोपीत शिशाचं संयुग असतं, म्हणजे गोळीला तांब्याचं वेष्टन असलं तरी काजळीत शिसं येतंच. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच सापडलेलं नाही, आणि आमच्या घरात लहान मूल आहे. त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर कधीच होत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवून, हातमोजे घालून, खाली कागद अंथरून करतो. जानेवारीत बोटं आखडतात, तरी दार उघडंच. चकत्या आणि कागद पिशवीत बांधून टाकतो, मैदानावरचे कपडे वेगळे धुतो, हात गार पाण्यानं आणि साबणानं धुतल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही. क्लबातले काही जण ब्रश चालवता चालवता कॉफी पितात, त्यांना मी दरवेळी टोकतो. त्यांना आवडत नाही, पण मी टोकणं सोडणार नाही.

राहिली ती काळी कडी. शिसं काढणारं पिवळं फडकं मिळतं, त्यानं ती जातात. काळ्या-निळ्या मुलाम्याच्या रिव्हॉल्व्हरला ते लावलं तर मुलामाही जातो, स्टेनलेसला तो धोका नाही. पण त्या फडक्यात घासणारी पूड असते आणि पुढच्या सहा गोळ्यांत कडी परत येतात. ज्या थराला हात लावला की काळं येतं तो मी द्रावण आणि नायलॉनच्या ब्रशनं काढतो, कारण साचत गेला तर तो ती बारीक फट भरतो आणि सिलिंडर अडखळू लागतो. त्याखाली उरलेला डाग नुसता रंग आहे, तो राहू देतो. माझा गुरू याबाबत माझ्याशी सहमत नाही. तपासणीला उभं राहताना शस्त्रावर डाग दिसला तर बोलणी खावी लागायची, ते दिवस त्याच्या अंगात मुरलेत. तो प्रत्येक सरावानंतर कडी घासून पांढरी करतो, आणि चांदणीखालचा ब्रशही कधी चुकवत नाही. नवीन माणसाला आम्ही दोघंही आधी चांदणी उचलायला लावतो. पिवळं फडकं घ्यायचं की नाही, ते त्यानंतर त्याचं त्यानं ठरवावं.