गाडीचं नाक

मुलांनो, चारचाकी गाडीला दोन नाकं असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? हसू नका, खरंच असतात. एक इंजिनाचं, ते बॉनेटखाली. दुसरं आपल्यासाठी. ए.सी. किंवा पंखा लावल्यावर आपल्या तोंडावर जी हवा येते, ती गाळणारं. गॅरेजवाले त्याला ‘ए.सी. फिल्टर’ म्हणतात, पुस्तकात ‘केबिन फिल्टर’ लिहिलेलं असतं. या दुसऱ्या नाकाची गोष्ट मी आज तुम्हाला सांगणार आहे.

आम्ही उंबरमाळीला राहतो. कसारा लोकलने कधी गेला असाल तर खर्डी आणि कसारा यांच्या मधलं हे छोटंसं स्टेशन तुम्ही पाहिलं असेल. जवळूनच मुंबई-आग्रा महामार्ग जातो. पुढे कसारा घाट, त्यामुळे भरलेले ट्रक इथूनच घोंगावत, धूर सोडत चढणीला लागतात. पावसाळ्यात सगळं हिरवंगार, पण दिवाळी सरली की रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ!

माझ्या आईला दमा आहे. शहापूरला डॉक्टरांकडे तिला मीच गाडीतून नेते. धूळ नको म्हणून आम्ही काचा बंद करून ए.सी. लावायचो, आणि गंमत पाहा, आसनगाव यायच्या आत आईला खोकल्याची उबळ यायची. बिचारी नाकाला पदर लावून बसायची. ‘‘अगं, बंद कर तुझा तो गारवा. त्याला उंदरासारखा वास येतोय,’’ म्हणायची. म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं, असं शेजारच्यांना वाटलं. मला मात्र ते पटेना. आईचं नाक फार तिखट आहे. दूध उतू जायच्या आधी तिला कळतं!

शेवटी एका रविवारी मी आणि माझा सहावीतला भाचा गाडीपाशी बसलो. गाडी बंद, किल्ली खिशात. डाव्या बाजूच्या सीटपुढे जो कप्पा असतो, तो आधी रिकामा केला. त्यातून टोलच्या पावत्या, दोन खडू आणि हरवलेली शिट्टी निघाली. कप्प्याच्या दोन्ही भिंती हाताने आत दाबल्या, तसा तो खाली लोंबकळला. मागे काळ्या प्लॅस्टिकचं एक झाकण दिसलं. त्याच्या खिट्ट्या दाबून ते काढलं आणि जाळी हळूच बाहेर ओढली.

शी! मूळची पांढरी जाळी चुलीमागच्या भिंतीसारखी काळी झाली होती. घड्यांमध्ये सागाच्या पानांचा चुरा, मेलेले किडे, एका कोपऱ्यात कापसाचे पुंजके आणि उंदराच्या लेंड्या! आईचं नाक खोटं बोललं नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका. दोनच महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ए.सी. फिल्टर बदलला’ असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि पैसेही लावले होते. दोन महिन्यांत जाळीचं असं होत नाही. मी बिल आणि ती जाळी एका पिशवीत घालून त्या गॅरेजवर गेले. मालकांनी जाळी पाहिली, मान खाली घातली आणि पैसे परत दिले. मी भांडले नाही. पण दम्याचं माणूस रोज त्या गाडीत बसतं, एवढं मात्र त्यांना सांगितलं.

जाळीला घड्या का असतात, हे भाच्याने विचारलं. आम्ही गणितच मांडलं. समजा, जाळी २० सेंटिमीटर लांब आणि २० रुंद आहे. सपाट कागद असता तर क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. आता तिला ३० घड्या घाला, प्रत्येक अडीच सेंटिमीटर खोल. एका घडीच्या दोन बाजू मिळून ५ सेंटिमीटर, म्हणजे उलगडल्यावर कागद १५० सेंटिमीटर लांब! त्याला २० ने गुणा. ३०००! त्याच जागेत साडेसात पट गाळणी बसली की नाही? वर्तमानपत्राचा पंखा करता ना, तसंच हे.

काही जाळ्यांत कोळशाचा थर असतो. साधा चुलीतला नव्हे, खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला. आपल्या नारळाच्या करवंटीपासूनही तो करतात. त्याच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांच्या भिंती पसरल्या तर ५०० चौरस मीटरहून जास्त जागा भरते, म्हणजे कबड्डीची जवळजवळ चार मैदानं! वास आणि काही वायू त्यात अडकतात. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, विषारी वायूपासून सैनिकांना वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी असाच कोळसा हवा होता. तेव्हा अमेरिकेतल्या मुलांनी पीच नावाच्या फळाच्या बिया गोळा करून दिल्या होत्या. पण एक नीट लक्षात ठेवा. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू कुठल्याच जाळीत अडकत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत कधीही बसायचं नाही.

नवी जाळी साडेतीनशे रुपयांना मिळाली. तिच्या कडेवर बाण छापलेला असतो. हवा कुठल्या दिशेने जाते ते तो सांगतो, म्हणून जुनी काढतानाच तिचा बाण पाहून ठेवावा. आतली जागा ओल्या फडक्याने पुसली, नाकाला मास्क, हातात मोजे. उंदराची घाण होती ना! जाळी बसवली, झाकण ‘टक्’ वाजलं, कप्पा वर ढकलला. सगळं मिळून वीस मिनिटं. जुनी जाळी पाण्याने धुऊन परत घालायचा मोह टाळा, कागद ओला राहिला की त्यावर बुरशी धरते. काही गाड्यांत ही जाळी वेगळ्या जागी असते, काही जुन्या किंवा स्वस्त गाड्यांत तर नसतेच. म्हणून आधी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडा, आणि मोठं माणूस सोबत असू द्या.

या चोंदलेल्या नाकाचा आणखी एक धोका घाटात कळतो. पावसाळ्यात धुक्यातून जाताना समोरची काच आतून धुरकटते. ती साफ करायला जोराची कोरडी हवा लागते. जाळी बंद असेल तर पंखा नुसता ओरडतो, हवा येत नाही, आणि चालकाला रस्ता दिसत नाही.

आईचा दमा गेला का? नाही. तिचा पंप आणि औषधं चालूच आहेत. पण शहापूरपर्यंतच्या रस्त्यावर आता पदर खांद्यावर असतो. परवा तर तिने गाणंही म्हटलं.

ती काळी जाळी मी वर्गात नेली होती. चौथीच्या मुलांनी वास घेतला, नाकं मुरडली. रोज महामार्गाच्या कडेने चालत येणारा एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या गाडीची जाळी तुम्ही बदलली. आमच्या नाकाची कोण बदलणार?’’

मी त्याला नाकातले केस, चिकट शेंबूड आणि श्वासनळीतले सूक्ष्म केसांसारखे तंतू यांची माहिती दिली. धूळ अडकते, बाहेर ढकलली जाते. पण २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाएवढे, फुप्फुसात खोलवर जातात, हेही सांगावं लागलं. तो गप्प बसला. त्याच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेव्हापासून कच्च्या रस्त्यावर पोरं दिसली की मी गाडी अगदी हळू घेते. माझ्या चाकांची धूळ त्यांच्याच नाकात जाते ना!

मग वर्गाने एक प्रयोग केला. पांढऱ्या पुठ्ठ्याचे चार तुकडे, त्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर. एक महामार्गाच्या बाजूच्या कुंपणाला, एक शाळेच्या व्हरांड्यात, एक वर्गात आणि एक मागच्या उंबराखाली टांगला. आठवड्याने भिंगाखाली पाहिले. पहिला सर्वांत काळा निघणार हे सगळ्यांनी ओळखलं होतंच. पण वर्गातला दुसऱ्या नंबरवर आला! खडूची पूड! आता फळा कोरड्या डस्टरने नाही, ओल्या फडक्याने पुसतो.