तांबड्या दगडांच्या मुलखात आठ दिवस

अमेरिकेहून परत आलं की ओळखीच्या बायका पहिला प्रश्न विचारतात तो नायगाराचा. दुसरा डिस्नेलँडचा. "दोन्ही नाही बाई, आम्ही आठ दिवस दगड पाहत हिंडलो," असं मी सांगते, तेव्हा समोरचीचा चेहरा पाहण्यासारखा होतो. एवढं विमानाचं भाडं भरून दगडच पाहायचे, तर आमच्या वाईत काय कमी आहेत? कृष्णेचा अख्खा घाट दगडाचाच आहे!

पण ते दगड निराळे आणि ते आठ दिवसही निराळे. घरात बसून वर्षभर जे बोलणं झालं नाही, ते तिथे गाडीत बसून झालं. म्हणून लिहावंसं वाटलं.

२०२४ च्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. ३ ऑक्टोबरला घट बसायचे होते, त्याआधी मुलाच्या घरी परतायचं असा बेत. मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांची नात, हे आणि मी. लास व्हेगासला उतरून गाडी भाड्याने घेतली आणि युटा राज्यात शिरलो. या राज्याच्या दक्षिणेकडे पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत. झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटॉल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारंजं आणि गुलाबाचे वाफे येतात. इथे तसलं काही नाही. वाळवंट, आणि त्यात उभे तांबडे डोंगर. दगडातल्या लोखंडाला गंज चढून हा रंग आलेला. आपल्या कोकणातला जांभा तांबडा दिसतो, तोही लोखंडामुळेच.

सामानाची जबाबदारी अर्थातच आम्हा दोघींची. भाताचा विजेवरचा लहान कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, लसणीची चटणी, भाजणी, बर्फाच्या पेटीत दही, आणि पाण्याचे मोठाले कॅन. वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी जवळ ठेवा, असा तिथल्या उद्यानवाल्यांचा सल्लाच आहे. हवा इतकी कोरडी, की घाम आलेला कळत नाही. अंगावरच वाळून जातो. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पीत राहायचं. मी पाण्यात कोकमाचं आगळ आणि चिमूटभर मीठ घालून देत होते. ओठ फुटतात, त्याला घरचं तूप.

या सामानात एक गाठोडं मात्र असं होतं, की ते कुणी बांधलं नव्हतं, पण गाडीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाला तिथलं नागरिकत्व मिळालं आहे. त्यामुळे तो आमच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो. "आता दोघं कायमचे इकडेच या," हे त्याचं म्हणणं वर्षभर चाललं होतं. ह्यांनी 'हो'ही म्हटलं नव्हतं आणि 'नाही'ही.

पहिला मुक्काम झायनपाशी. हे १९१९ सालचं राष्ट्रीय उद्यान. दोन्ही अंगांना दोन-दोन हजार फुटांचे सरळसोट कडे, आणि मधून वाहते व्हर्जिन नावाची एवढीशी नदी. उन्हाळ्यातली कृष्णाही हिच्याहून रुंद म्हणावी. पण एवढी खोल दरी कोरली ती हिनेच. आत सार्वजनिक गाड्या सोडतात, त्यांतून शेवटच्या थांब्याला उतरलं की नदीकाठाने सपाट फरसबंद वाट आहे. जाऊन येऊन सव्वादोन मैल. ह्यांना आणि मला सहज झेपली. त्या वाटेवर कड्यातून पाणी पाझरतं आणि तिथे नेच्यांचे हिरवेगार झुबके लोंबताना दिसतात. पावसाचं पाणी वरच्या वाळूच्या दगडात मुरतं, खाली घट्ट थर लागला की पुढे जाता येत नाही, मग आडवं वाट काढून कड्यातून बाहेर येतं. हा प्रवास शेकडो वर्षांचा, कुठे कुठे त्याहूनही लांबचा असतो म्हणतात. नातीने हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हे पाणी तुझ्यापेक्षा म्हातारं आहे!"

रात्री मोटेलच्या खोलीत मूगभात शिजला. जेवता जेवता बापलेकांत अर्जाची गोष्ट निघाली. किती महिने लागतील, वाईच्या घराचं काय करायचं, विम्याचं कसं. सूनबाई ताटं विसळत होती आणि मी दह्याचं भांडं पेटीत ठेवत होते. आमच्या दोघींकडे कुणी पाहिलं नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा. पूर्वीपासून हे असंच चालत आलं आहे.

दुसऱ्या दिवशी ब्राइस. झायनमध्ये पंख्याने वारा घ्यावा लागत होता आणि इथे शाली निघाल्या, कारण ही जागा आठ हजार फुटांच्या वर आहे. जिने चढताना धाप लागते, तेव्हा हळूच चालावं. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं तर केशरी-गुलाबी दगडांचे हजारो सुळके! वर्षातल्या दीड-दोनशे रात्री इथे पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. फटीत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड फोडतं. असं फुटून फुटून हे सुळके झाले. तिथल्या मूळच्या पायूट लोकांची कथा अशी, की ही सगळी माणसंच होती. वाईट वागली म्हणून कायोटीने, म्हणजे त्यांच्या कथांतल्या त्या करामती कोल्ह्याने, त्यांचे दगड केले. मी नातीला अहिल्येची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मग यांना सोडवायला कुणी आलं नाही?" काय उत्तर देणार!

ब्राइसहून कॅपिटॉल रीफला जाणारा बारा नंबरचा रस्ता फार देखणा, तितकाच भीतीचाही. वाटेत बोल्डर नावाचं गाव लागतं. रस्ते होईपर्यंत तिथली टपाल खेचरांवरून जायची. त्या दिवशी गाडी सूनबाई चालवत होती. मागे हे, मुलगा आणि नात पेंगले होते. फोनला रेंज नव्हती. मी पुढे तिच्या शेजारी.

ती एकदम म्हणाली, "आई, एक विचारू? राग नका मानू."

"विचार की."

"इथे राहायचं की नाही, यावर बाबा बोलतात, हा बोलतो. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

मैत्रिणींनो, चाळीस वर्षांच्या संसारात भाजी कुठली करू, पडदे कुठले लावू, हे मला पुष्कळांनी विचारलं. राहायचं कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं. मी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "मला माझं घर हवंय. आणि तुम्ही तिघंही हवे आहात. दोन्ही एका जागी मिळत नाही, एवढीच अडचण. आता तू सांग, तुला काय हवंय?"

"माझी आई नागपूरला एकटी आहे," ती म्हणाली. "मी एकुलती एक. तुम्ही कायमचे आलात तर घरात खोली उरत नाही. तुम्ही येऊ नका असं मला म्हणायचं नाही हो, आई. पण तिचं मी कुणाजवळ बोलू?"

तेवढ्यात रस्ता एका अरुंद कण्यावर चढला. उजवीकडे दरी, डावीकडेही दरी, मध्ये रस्त्यापुरती जागा. ती दोन्ही हातांनी चाक धरून बसली आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही. रस्ता उतरल्यावर मी एवढंच म्हटलं, "विहीणबाईंचं मी बोलते. तू नको." तिने डोळे पुसले आणि गाडीचा वेग वाढवला. पुढे डोंगरावर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती.

माझ्या घरात चूल माझी, तिच्या घरात तिची. तिथे बोलताना कुणीतरी एक पाहुणी असते. त्या गाडीत मात्र दोघी सारख्याच वाटसरू होतो. त्यामुळे बोलता आलं, असं मला वाटतं.

कॅपिटॉल रीफमध्ये फ्रुटा नावाची जुनी वस्ती आहे. १८८० नंतर मॉर्मन पंथाची माणसं इथे येऊन राहिली. एका वेळी दहाच्या आसपास कुटुंबं, त्याहून जास्त नाही. भोवती उघडे तांबडे कडे आणि मध्ये नदीचं पाणी पाटाने फिरवून लावलेल्या बागा. सफरचंद, पीच, जर्दाळू, चेरी, नासपती. बागा आजही आहेत, आता उद्यानाकडे आहेत. हंगामात बाग खुली असली की बागेतच बसून खायला पैसे पडत नाहीत, घरी न्यायची तर वजनावर पैसे. आम्ही गेलो तेव्हा सफरचंदं होती.

तिथे १९०८ साली बांधलेलं गिफर्ड कुटुंबाचं घर पाहायला ठेवलं आहे. हे कुटुंब १९२८ ते १९६९ तिथे राहिलं. न्हाणीघर घरात आलं ते १९५४ साली! गायी, डुकरं, कोंबड्या, भाजीचा मळा, मांस धुरावून टिकवायची खोली, बटाटे-कांदे ठेवायचं तळघर. त्या घरात फिरताना मी आणि सूनबाई सारख्याच गोष्टी पाहत होतो. फळ्या किती, पाणी कुठून आणत असतील, हिवाळ्यात वाळवण कुठे घालत असतील! वस्तीतलं शेवटचं कुटुंब हेच. जागा उद्यानाला विकून तेही गेलं. आता त्या घरात फळांचे पाय मिळतात.

बाहेर झाडाखाली बसलो. पायचे तुकडे ताटलीत आले. मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, "अर्ज आत्ता करायचा नाही. ते कार्ड घेतलं की वर्षाचा बराचसा काळ इकडेच काढावा लागतो. मला तसं राहायचं नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात इकडे यायची पाळी विहीणबाईंची. आम्ही त्याच्या पुढच्या वर्षी."

ह्यांनी पायचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं. पोराला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

पोराला वाईट वाटलंच. पुढचे दीडशे मैल तो गप्प होता. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. आपण मुलाला तोडून बोललो का, हे कुठल्या आईला वाटणार नाही?

आर्चेस उद्यानात दोन हजारांवर नैसर्गिक कमानी आहेत. त्यातली लँडस्केप नावाची कमान तीनशे फुटांच्या आसपास लांब, आणि मध्ये अगदी नाजूक. १९९१ साली तिची साठ फुटांची कपची कोसळली, तेव्हापासून खालून जाणारी वाट बंद आहे. जवळचीच वॉल नावाची कमान २००८ साली रातोरात पडली. त्या वाटेवर मुलगा माझ्याबरोबर चालू लागला आणि म्हणाला, "आई, तुम्ही दोघं तिकडे. उद्या कुणी पडलं-झडलं तर मी किती वेळात पोचणार?"

त्याचा हट्ट नव्हता, ही भीती होती. भीतीला रागावून उपयोग नसतो, तिला हिशेब द्यावा लागतो. मी म्हटलं, "तुला दीड-दोन दिवस लागतील. तेवढे दिवस निभतील अशी सोय आपण करू." चालता चालता यादी झाली. झोपायची खोली वरून खाली आणायची. न्हाणीघरात धरायला दांडे आणि खरखरीत फरशी. घराची एक किल्ली शेजारी. डॉक्टर, शेजारी आणि भाच्याचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर, आणि तीच यादी मुलाकडे. दोघांची औषधं आणि आजार एका कागदावर. रोज सकाळी आठला आमचा निरोप. नऊपर्यंत आला नाही तर त्याने शेजारी फोन करायचा.

वाटेच्या कडेला ज्युनिपरची झाडं होती. उद्यानाच्या माहितीफलकाशी उभे राहून हे वाचत होते. पाणी फार कमी पडलं तर हे झाड एखाद्या फांदीचं पाणी तोडतं, ती वाळते, आणि बाकीचं झाड जगतं. जवळच जमिनीवर काळपट खरखरीत पापुद्रा दिसत होता. ती जिवंत माती. ती वारा-पावसात वाळू धरून ठेवते. एक पाऊल पडलं तरी मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून आखलेल्या वाटेनेच चालायचं. नात सगळ्यांच्या पायांवर पोलिसासारखी नजर ठेवून होती. मुलगा तिला हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

वाईला आल्यावर पहिल्या महिन्यात दांडे बसले, खोली खाली आली. सकाळी आठचा निरोप आजवर चुकलेला नाही. ज्यांची मुलं दूर आहेत त्यांनी राहायचं कुठे हे काहीही ठरवा, पण ही यादी आजच करा. आणि ठरवताना घरातल्या बाईलाही विचारा. कुणी विचारलं नाही, तर आपणच सांगा.

ठरल्याप्रमाणे विहीणबाईंची पाळी आली. तिकिटं निघाल्यावर त्यांनी नागपूरहून फोन करून विचारलं, "काय काय नेऊ हो?" मी सांगितलं, "तांबडे दगड पाहायला गेलात तर तुपाची डबी आणि एक जाड शाल विसरू नका. आणि गाडीत पुढे, लेकीशेजारी बसा."